जमिनीला टेकणारा पडदा

सांदखोल बंदर,
१२ नोव्हेंबर २०२५

श्री. गोवर्धनभाऊ यांस,
धाकट्या साडूचा नमस्कार.

दिवाळीला अकोल्यात आलो नाही म्हणून तुम्ही रागावला असाल. फोनही केला नाही. टेकडीच्या या अंगाला रेंज नाही, ती फक्त धक्क्याच्या टोकावर मिळते. तिथे संध्याकाळी आमचे खलाशी आणि ऑपरेटर रांग लावून आपापल्या बायकांशी भांडत असतात. त्या रांगेत उभं राहून मी कोणाशी भांडू? म्हणून पत्र.

तुम्हाला ठाऊक आहे की आमच्या कंपनीनं आजवर वऱ्हाडातल्या तलावांचा गाळ काढला. आपल्याकडे गाळ म्हणजे सोनं. मशीन लागायच्या आधी शेतकरी ट्रॅक्टर घेऊन हजर, पहिली ट्रॉली कोणाच्या वावरात जाणार यावर दोन सख्खे भाऊ एकमेकांचं तोंड बघेनासे झालेले मी पाहिलेत. इथे बंदराचा तळ खोल करून राहिले, मोठ्या बोटी आत याव्यात म्हणून. गाळ तोच, काळाभोर, हातात घेतला तर जीव हळहळतो. पण इथे त्याला कोणी विचारत नाही. दूर समुद्रात नेऊन टाकतात. उलट त्याची भीती. मशीननं तळ उकरला की गाळ पाण्यात मिसळतो आणि धुरासारखा पसरतो. बाजूला एक लहान खाडी आहे, तिच्यात तो जाऊ नये म्हणून खाडीच्या तोंडाला पाण्यात एक पडदा लावलाय. तो पडदा मी सांभाळतो.

हसू नका. हुद्द्याचं नाव 'पर्यावरण देखरेख सहायक'. साहेबांचं म्हणणं असं की, हा अकोल्याचा, याला पोहता येत नाही, म्हणजे हा पाण्यात उतरून उगाच काही शोधून काढणार नाही.

खाडीत ओहोटीला बायका तिसऱ्या काढतात. तिसऱ्या म्हणजे शिंपल्यांतला जीव, वाळूत बोटभर खाली पुरून असतो. वरून गाळाचा थर बसला की तो गुदमरून मरतो. त्या बायकांतल्याच एक काकी मला दोन वेळचं जेवायला घालतात. पहिल्या दिवशी मी तिसरी टरफलासकट चावली. तेव्हापासून अख्खी वाडी मला ओळखते. काकींनी ताट वाढतानाच सांगून ठेवलंय, "गाळ आत आला तर तुझं ताट बंद." एवढाच काय तो माझा करारनामा. कंपनीच्यापेक्षा सोपा आहे आणि वाचता येतो.

इथे माझ्याशी बोलणारं घर हे एवढंच. बाकी सगळे मशीनच्या आवाजात बोलतात.

दामिनीला जाऊन चार वर्षं झाली. बायको गेल्यावर माणूस साडू राहतो की नाही, हे कोणत्या कार्यालयात विचारावं ते कळत नाही. तुम्हीच सांगा. आणि ताईंना म्हणावं, पूर्वीसारख्या पत्राच्या खाली दोन ओळी खरडा.

तुमचा,
देवानंद


जठारपेठ, अकोला,
२४ नोव्हेंबर २०२५

देवानंदराव,

साडूपणाला घटस्फोट नाही आणि निवृत्तीही नाही. तुम्ही माझ्या लग्नात वाढपी होता, तेव्हाच मी सासऱ्याला सांगितलं होतं की हे पोरगं दुसऱ्या पोरीवर डोळा ठेवून जिलबी वाढतंय. राजापेठेतल्या त्या घराला आता खाली बुटांचं दुकान आणि वर ट्यूशन क्लास लागला, सासरा गेला, सासू गेली. त्या घराचे जावई म्हणून आपण दोघंच शिल्लक आहोत. तेव्हा कार्यालय हेच, आणि अर्ज मंजूर.

फोन करूच नका. माझ्या फोनचा कान गेलाय, समोरचा बोलतो ते पलंगाखालून बोलल्यासारखं येतं. पत्रच बरं. पत्रात माणसाला मध्येच तोडता येत नाही, हा तुमच्या ताईच्या दृष्टीनं तोटा आणि माझ्या दृष्टीनं फायदा.

दुर्गाला तुमचं पत्र वाचून दाखवलं. म्हणाली, "अकोल्याचा माणूस समुद्रात पडदे लावून राहिला, आन् अकोल्यात पडद्याचं दुकान घालून बसलेला माणूस माशा मारून राहिला." दोन ओळी लिहायला सांगितलं, पण हाताला पीठ होतं.

तिचं खरं आहे. दुकानात सध्या मी, टेबल आणि शिवणयंत्र असे तिघं असतो. लोक येतात, माझ्याकडून खिडकीचं माप काढून घेतात, कापडाचा पोत बोटांनी तपासतात, कौतुक करतात, घरी जाऊन मोबाइलवरून मागवतात. मग तो पडदा चार बोटं आखूड निघाला की पुन्हा माझ्याकडेच येतात, झालर लावून घ्यायला.

तुम्ही पडदा सांभाळता हे मी कौतुकानं चौकात सांगितलं. लोकांना वाटलं तुम्ही नाटक कंपनीत लागलात. पानवाल्यानं विचारलं, पास मिळेल का. मी म्हटलं, हो, पोहून जावं लागेल.

आता धंद्याचं सांगा. कापड कोणतं? अस्तर आहे का? वरून कशावर टांगलाय? आणि मुख्य, खाली टेकतो की नाही? पडद्याची सगळी इज्जत खालच्या चार बोटांत असते.

गोवर्धन


सांदखोल बंदर,
८ डिसेंबर २०२५

भाऊ,

तुमच्या पत्राची इतकी वाट पाहिली की पोस्टमनला वाटलं मी कोर्टाच्या निकालाची वाट बघतोय.

पडदा असा आहे. वर पिवळ्या तरंगत्या नळ्यांची माळ, तिच्यावर जाड कापड टांगलंय. पाणी झिरपतं पण गाळ अडतो, असं कापड. खालच्या काठात लोखंडी साखळी शिवली आहे, वजनाला. दोन्ही टोकं खडकांना बांधलीत. अस्तर वगैरे नाही.

तुम्ही खाली टेकतो का विचारलंत आणि माझी झोप गेली. टेकत नाही. मी होडीतून जाऊन दोरीला दगड बांधून पाहिलं. पडद्याचा काठ आणि तळ यांच्यामध्ये अख्खा माणूस उभा राहील एवढी जागा मोकळी. वरून बघावं तर पडदा काय डौलदार, आणि खालून सगळं उघडं. साहेबांना विचारलं. ते म्हणाले, नकाशात तसाच आहे. नकाशा कोणी केला विचारलं, तर म्हणाले, ज्यानं केला तो आता दुसऱ्या कंपनीत आहे. म्हणजे विषय संपला.

गेल्या आठवड्यात आतलं पाणी दोनदा जरा गढूळ झालं. गढूळपणा मोजायच्या मीटरवर आकडा मर्यादेतच होता. पण काकी मीटर बघत नाहीत, ओंजळ बघतात. त्यांनी ओंजळीतलं पाणी माझ्यापुढे धरलं. त्या दिवशी भाकरी नेहमीचीच होती, पण ताट जरा लांब ठेवलं.

खरं सांगायचं तर मला त्या ताटाची काळजी आहे. तिसऱ्यांचीही आहे, पण आधी ताटाची. या वयात नवं घर जोडायला माणसाजवळ दुसरं काय असतं? मी त्यांना दामिनीचं सांगितलं, त्यांनी त्यांच्या बुडालेल्या दिराचं सांगितलं. एवढ्या ओळखीला इथे आयुष्य लागतं म्हणे, मला महिना लागला. ती जायला एक वाईट भरती पुरेल.

ताईंना सांगा, पीठ धुऊन झालं असेल.

देवानंद


जठारपेठ, अकोला,
१९ डिसेंबर २०२५

देवानंदराव,

माणूसभर उघडा! हा पडदा आहे की लंगोट?

माझं ऐका. मी तीस वर्षं पडदे शिवतोय. आखूड पडदा कधीही चुकून होत नाही, तो कापड वाचवून होतो. तुमच्या त्या नकाशावाल्यानं कंपनीचं कापड वाचवलं आणि बढती घेऊन दुसरीकडे गेला. वऱ्हाडात आखूड पडदा लावला तर पाहुणे चहा पिता पिता खाली बघतात आणि घरी जाऊन सांगतात की त्यांचं काही खरं नाही. पडदा जमिनीला टेकलाच पाहिजे. टेकून वर दोन बोटं पसरला पाहिजे. मग त्याच्या मागे काय चाललंय ते कोणाच्या बापाला कळत नाही.

दुर्गाला विचारलं. एका शब्दात निकाल दिला, "टेकवा म्हणावं." तुम्हाला ठाऊकच आहे, ती एका शब्दात बोलली म्हणजे तिच्यावर अपील नाही.

तेव्हा असं करा. वरून कसलाही खर्च नको, साहेबांना त्रास नको. खालून झालर लावू. माप मला पाठवा, मी इथे शिवून देतो. मजबूत ताडपत्रीचं कापड अमरावतीला मिळतं, शेंदूरजनाघाटची संत्री ट्रकात ज्याखाली झाकून जातात तेच. ऊन, पाऊस, वारा, काही होत नाही त्याला. समुद्रानंही जरा वऱ्हाडी माल बघावा.

इथे थंडी पडलीय. सकाळी पोहे केले, तळाला लागले. म्हणजे दुर्गानं केले, लागले.

गोवर्धन


सांदखोल बंदर,
५ जानेवारी २०२६

भाऊ,

साहेबांना झालरीचं सांगितलं. पहिल्यांदा हसले. मग विचारलं, कंपनीला काही भरावं लागेल का? नाही म्हटल्यावर म्हणाले, मग उत्तम कल्पना आहे, आणि माझीच आहे असं समजा. या महिनाअखेरीस तपासणीला वरून माणसं येणार आहेत. पूर्ण लांबीचा पडदा फोटोत बरा दिसेल.

माप पुन्हा नीट घेतलं. होडी धक्क्यावरून निघते ती भरतीच्या वेळीच, ओहोटीला ती चिखलात बसते. तेव्हा भरतीलाच गेलो. सहा ठिकाणी दोरी टाकली, माप सोबतच्या चिठ्ठीत आहे. झालरीला वरून पितळी डोळे ठोका, म्हणजे इथल्या काठाला दोरीनं ओवता येईल. खालच्या काठात साखळी जाईल एवढी नळी ठेवा.

काकींना सांगितलं की माझे साडू अकोल्याहून पडद्याला झालर शिवून पाठवणार आहेत. त्यांनी विचारलं, अकोल्याला समुद्र आहे का? म्हटलं, नाही, पण पाणी खारं आहे. आमच्या भागात विहिरीला खारंच पाणी लागतं, पिढ्यान्‌पिढ्या. त्यावर त्या म्हणाल्या, मग येत असेल त्याला.

भाऊ, वर्षभरात पहिल्यांदा वाटतंय की आपण दोघं मिळून काही करतोय. पूर्वी सणाला आपण दोघं ओट्यावर बसायचो आणि आत त्या दोघी बहिणी आपली उणीदुणी काढायच्या, तसं. फक्त आतून आवाज येत नाही.

देवानंद


जठारपेठ, अकोला,
१८ जानेवारी २०२६

देवानंदराव,

झालर काल ट्रान्सपोर्टनं पाठवली. गठ्ठा एवढा मोठा की हमालानं विचारलं, कोणाचा मंडप आहे. मी म्हटलं, समुद्राचा.

संक्रांत आली आणि गेली, मी यंत्रावरून उठलो नाही. दुकानात एवढं कापड पसरायला जागा नाही, म्हणून घराची बैठक, मधली खोली, स्वयंपाकघर असं सलग पसरलं. घरभर ताडपत्रीचा वास. पण काय सांगू, किती दिवसांनी यंत्राची पट्टी गरम झाली! दुहेरी शिवण घातलीय. प्रत्येक डोळा हातानं ठोकलाय. दुर्गा म्हणाली, "लेकीच्या लग्नात एवढे राबले नाई तुमी." मी म्हटलं, लेकीच्या लग्नात पडदे भाड्याचे होते.

गल्लीतले लोक दारातून डोकावून जातात. मी सगळ्यांना सांगतो, हा समुद्रात जाणार आहे, याच्यामागे एक अख्खी खाडी राहणार आहे. पानवाला आता पास मागत नाही, 'इंजिनिअर साहेब' म्हणतो. एरवी जो माणूस माझ्या दुकानासमोरून मान खाली घालून जायचा, उधारीमुळे नव्हे, बोलावं लागू नये म्हणून, तो परवा आत येऊन बसला आणि भरती-ओहोटीवर बोलला. त्याला काही येत नव्हतं, मलाही नाही. तासभर छान गेला.

लावला की लगेच कळवा. कसा बसला ते सविस्तर लिहा.

गोवर्धन


सांदखोल बंदर,
१२ फेब्रुवारी २०२६

भाऊ,

उशीर झाला, क्षमा.

झालर लावली. पडदा फार छान बसला. शिवण उत्तम, डोळे मजबूत, मापात कुठे बोटाचाही फरक नाही. तपासणीवाल्यांनी फोटो काढले आणि शेऱ्यात लिहिलं, 'पूर्ण लांबीचा पडदा, समाधानकारक'. साहेबांनीही कौतुक केलं. तुमच्या कामाला तोड नाही. इथे असं काम कोणी पाहिलेलं नाही.

मी सध्या खोलीवरच स्टोव्ह घेतलाय. हातानं करून खातो. बदल बरा असतो.

काम जास्त आहे, थोडक्यात लिहितो. ताईंना नमस्कार.

देवानंद


जठारपेठ, अकोला,
२२ फेब्रुवारी २०२६

देवानंदराव,

तुमचं पत्र चौकात वाचून दाखवलं. 'समाधानकारक' या शब्दाला टाळ्या पडल्या.

आता ठरलं. गुढीपाडव्याला मी तिकडे येतो. स्वतःच्या हातचा पडदा समुद्रात टांगलेला बघितला नाही तर या धंद्यात काय मिळवलं? दुर्गाचे गुडघे दुखतात, ती येणार नाही, पण मला म्हणाली, "जा, जरा हवा पालटून या." काकींच्या हातचं जेवू. टरफल काढून खायचं एवढं मी तुमच्या अनुभवावरून शिकलोय.

एक विचारू? तुम्ही स्टोव्ह का घेतला?

गोवर्धन


सांदखोल बंदर,
६ मार्च २०२६

भाऊ,

तुम्ही यायच्या आधी हे लिहिलंच पाहिजे. तीन वेळा कागद फाडला.

पडदा छान बसला नव्हता. फोटो काढले ते भरतीला. भरतीला तो खरंच देखणा दिसत होता, वरपासून तळापर्यंत सलग, तुम्ही म्हणता तसा दोन बोटं पसरलेला. मी धक्क्यावर उभा राहून तुमच्या नावानं मनातल्या मनात नमस्कार केला.

मग पौर्णिमेची ओहोटी आली. इथे पौर्णिमा-अमावस्येला पाणी फार खाली जातं. आपल्याकडे तलावाचं पाणी दिवाळीपासून मे महिन्यापर्यंत मिळून जेवढं उतरतं, तेवढं इथे दुपारच्या जेवणापर्यंत उतरतं. भाऊ, तुम्ही आणि मी पडदा खिडकीचा धरला. खिडकीत वरची दांडी भिंतीला ठोकलेली असते. इथे जमीन जागची हलत नाही, दांडी हलते. पाण्याबरोबर नळ्या खाली आल्या, आणि माणूसभर जास्तीचं कापड तळावर लोळलं, घड्या पडल्या. त्या घड्यांत मशीनचा गाळ येऊन बसला. मणामणानं बसला. पाणी पुन्हा चढायला लागलं तेव्हा पडद्याला उठताच आलं नाही. खालच्या ओझ्यानं पिवळ्या नळ्याच पाण्याखाली ओढल्या गेल्या, आणि मशीन चालूच होतं. सकाळी मी गेलो तेव्हा पडदा दिसत नव्हता. खाडीभर चहाच्या रंगाचं पाणी होतं.

तो मोकळा ठेवलेला माणूसभर, तो कापड वाचवायला नव्हता. तो ओहोटीसाठी होता. ज्यानं नकाशा केला त्याला येत होतं, त्याला आपण चोर म्हटलं.

मी मशीन थांबवायला सांगितलं. साहेब म्हणाले, आकडा मर्यादेत येईपर्यंत थांबवा. पाणी दोन दिवसांत निवळलं, आकडा मर्यादेत आला, मशीन सुरू. झालर मी सुरीनं कापून काढली. तुमची दुहेरी शिवण, सुरी तीनदा बोथट झाली. पडदा पुन्हा पहिल्यासारखा आखूड तरंगतो. कागदावर आता सगळं ठीक आहे. कागदावर तेव्हाही ठीक होतं.

पण खाडीत तोंडाकडचा अर्धा पट्टा मेला. बायका ओहोटीला गेल्या आणि वाळू उकरली तर उघड्या शिंपल्या निघाल्या, आत काळं. वास मला खोलीवर आला. आतला अर्धा पट्टा वाचलाय असं म्हणतात, पण पावसाळ्यानंतरच कळेल. काकींनी ताट बंद केलं नाही, तेही सांगतो. त्यांनी वाढलं. मीच उठून आलो. बसवेना.

परवा मी वाडीत गेलो आणि सगळ्या बायकांसमोर सांगितलं की हे मशीननं नाही झालं, साहेबानंही नाही, झालर माझ्या आणि माझ्या साडूच्या डोक्यातली होती. कोणी ओरडलं असतं तर बरं वाटलं असतं. कोणी ओरडलं नाही. माप कोणी घेतलं, कापड कुठलं, शिवलं कोणी, सगळं त्यांनी विचारलं. तुम्ही घरभर कापड पसरून शिवलं हेही मी सांगितलं. शेवटी काकींनी एकच विचारलं, "त्याच्या घरात कोण नव्हतं काय रे, थांब म्हणायला?"

मी म्हटलं, आहेत की, माझ्या ताई आहेत, त्यांनीच टेकवा म्हटलं. काकींनी मान हलवली. म्हणाल्या, बाई असं बोलणार नाही. न पाहिलेल्या पाण्याबद्दल बाई आधी विचारते.

तो प्रश्न तुमच्या नावे ठेवतो.

पाडव्याला येऊ नका असं म्हणत नाही. पण बघायला पडदा नाही.

देवानंद


जठारपेठ, अकोला,
१३ मार्च २०२६

देवानंदराव,

पडदा बिघडलाय हे मला तुमच्या फेब्रुवारीच्या पत्रानंच कळलं. तीस वर्षांत चांगला बसलेला पडदा कळवायला एकही गिऱ्हाईक दुकानात आलं नाही. चांगला बसला की माणूस तो विसरतो. तुम्ही डोळ्यांची आणि शिवणीची तारीफ केली आणि स्टोव्ह घेतला, तेव्हाच ओळखलं. तरी मी चौकात टाळ्या घेतल्या. टाळ्यांवरून उतरून खरं सांगायला धीर लागतो, तो माझ्याजवळ दुकानात शिल्लक नव्हता.

काल चौकात जाऊन सांगितलं. दांडी हलते ते सांगितलं. पानवाल्यानं ऐकून घेतलं आणि पान लावलं. दुपारी जो माणूस भरती-ओहोटीवर बोलायला यायचा, तो आला नाही.

आता काकींचं उत्तर.

दुर्गा मागच्याच्या मागच्या दिवाळीपासून लेकीकडे, आकांक्षाकडे बंगळूरला आहे. नातवासाठी तीन महिने म्हणून गेली. नंतर उन्हाळा होऊ द्या म्हणाली, नंतर पाऊस. भांडण नाही. भांडण असतं तर मिटवायला गेलो असतो. तिला तिथे बरं वाटतं. तिथे तिची कोणाला तरी गरज लागते, सकाळपासून. रविवारी फोन येतो, त्यात नातवाचा चेहरा असतो आणि तिचा हात असतो. हात ठीक दिसतो.

लोक विचारतात म्हणून पहिल्यांदा 'बरी आहे' म्हणत गेलो. मग तुमचं पत्र आलं. तुम्ही ताईंना दोन ओळी लिहायला सांगितल्या आणि मला काय सुचलं कोण जाणे, मी तिची वाक्यं तयार करायला लागलो. ती काय म्हणाली असती, ते मला एवढ्या वर्षांनी येतं असं वाटलं. लिहायला बसलो की ती समोर बसल्यासारखी वाटायची. पुढच्या पत्राची वाट मी तुमच्यापेक्षा जास्त पाहत होतो, कारण ते आलं की आमच्या घरात बोलणं व्हायचं. फोनचा कान शाबूत आहे. तुम्ही ताईंना द्या म्हटलं असतं, म्हणून तो गेला.

टेकवा म्हणावं, हे मी म्हटलं. माझ्या सोयीचं ते तिच्या तोंडी घातलं. खरी दुर्गा असती तर कमरेवर हात ठेवून म्हणाली असती, "समुद्र पायला का तुमी कधी? काहून त्या बिचाऱ्याले नाई ते सांगून राहिले? ठेवा ते यंत्र." मी चिडलो असतो, जेवलो नसतो, आणि झालर शिवली गेली नसती. या घरात ती बसली असती तर ताडपत्री स्वयंपाकघरापर्यंत पसरलीच नसती. अडवायला कोणी नव्हतं, म्हणून पसरली.

पाडव्याला मी येतो. बघायला नाही. बायकांसमोर मलाही बसू द्या, ओरडल्या तर ओरडू द्या. नाही ओरडल्या तर नाही. आणि काकींच्या ताटावर तुम्ही परत जाऊन बसा, त्यांनी ते बंद केलेलं नाही हे तुम्हीच लिहिलंय. मी स्टोव्हवरचं खाईन, मला सवय आहे.

मला निघायला अजून चार दिवस आहेत आणि पत्र कदाचित आधी येईल. तेव्हा मी यायच्या आधीच काकींना त्यांचं उत्तर देऊन टाका, माझ्या तोंडानं मला जमणार नाही.

नव्हतं कोणी, म्हणावं.

गोवर्धन